बिनपंख्याचा लॅपटॉप

त्या दिवशी माकनं दुकानातल्या दोन्ही लॅपटॉपच्या पोटाखाली हात घालून पाहिला. ताप आलेल्या मुलाच्या कपाळाला लावावा तसा, तळहात पसरून, सावकाश. मी तिच्या शेजारी उभी होते आणि मला थोडा संकोच वाटत होता, कारण दुकानात आणखी गिऱ्हाइकं होती, आणि माझी आई चारचौघांत वस्तू चाचपायला लागली की लहानपणापासून मला असंच व्हायचं. बाजारात ती मासेसुद्धा असेच एकेक दाबून बघायची. दुकानाची मालकीण सिउलिंग मात्र मजेत होती. तिचं वय पन्नाशीच्या पुढचं, तरी माक तिला ‘अमोय’ म्हणायची, चिनी पोरींना म्हणतात तसं, आणि तीही माकला ‘माकचिक’ म्हणजे मावशी म्हणून लाडानं उत्तर द्यायची. फरक कळावा म्हणून सिउलिंगनं दोन्ही लॅपटॉपवर एकच जड चित्रफीत चालू ठेवली होती. एकातला प्रोसेसर जोरकस, भरपूर कोअरचा. त्याला थंड ठेवायला आत पंखा होता आणि तो पंखा एव्हाना घोंघावायला लागला होता. दुसऱ्यातला प्रोसेसर कमी विजेवर चालणारा, कमी ताकदीचा, आणि त्याला पंखाच नव्हता. तो गप्प होता. माकनं डावा हात घोंघावणाऱ्याच्या खाली घातला, थोडा वेळ ठेवला, आणि म्हणाली, “हा कुठं तापतोय? गारच आहे की.”

सिउलिंग हसली. “माकचिक, त्याच्यावर अंडं शिजेल, आणि तुम्ही गार म्हणता.”

माकनं हात बदलला. उजवा तळहात लावल्याबरोबर तिनं तो थोडा मागं घेतला, मान डोलावली, हां, आहे गरम. मग डावा हात डोळ्यांसमोर धरून तिनं त्याच्याकडे जरा रागानं पाहिलं, उशिरा आलेल्या नोकराकडे बघावं तसं. “भट्टीनं खाल्लाय हा,” ती म्हणाली. “आमच्या खोलीतल्या सगळ्या बायांचं असंच. नवऱ्याचा हात हातात घेतला तरी कळत नाही.” सिउलिंग आणखी हसली, मीही हसले, आणि एका गिऱ्हाइकानं वळून पाहिलं. ते हसू मला अजून ऐकू येतं, त्यातलं माझं वेगळं, माकचं वेगळं.

भट्टी म्हणजे पेनांगमधल्या बायान लेपासच्या चिप-कारखान्यातली. माक वयात येता येताच तिथं लागली, खेड्यांतून आलेल्या इतर मलय पोरींबरोबर. त्यांना तेव्हा लोक ‘मिना करन’ म्हणून चिडवायचे, करंटवाली मिना, म्हणजे रात्रपाळी करणारी, ओठ रंगवणारी, हाताबाहेर गेलेली. पहिली काही वर्षं ती सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक सोन्याच्या तारा जोडायची. डोळे दुखायला लागले तेव्हा तिला भट्टीच्या खोलीत घातलं, आणि निवृत्त होईपर्यंत ती तिथंच राहिली. तयार झालेल्या चिपा सर्किटच्या हिरव्या पाट्यांवर बसवायच्या, पाट्या कपाटाएवढ्या भट्ट्यांत सरकवायच्या, आणि त्या उकाड्यात चिपांना सतत कामाला लावायचं. ज्यांच्यात काही कच्चं राहून गेलेलं असेल त्या तिथंच मरायच्या. मेलेल्या बाजूला, उरलेल्या खोक्यात, आणि खोकी जगभर. माकचं सगळं शहाणपण त्या खोलीतून आलेलं होतं. ‘भट्टीतून निघालं ते मरत नाही,’ असं ती म्हणायची. वादळात तगलेल्या पपईच्या झाडाबद्दल म्हणायची, शेजारणीच्या लग्नाबद्दल म्हणायची. मी शाळेत असताना बाबा गेले. इद्दत, विधवेनं घरात काढायचे ते महिने, पुरती संपायच्या आधीच ती पोटासाठी पाळीवर परत गेली, आणि बायकांनी कुजबूज केली तेव्हा तिनं स्वतःबद्दलही हेच सांगितलं. मी ते इतक्या वेळा ऐकलं होतं की ते वाक्य आहे हेच मला कधी जाणवलं नाही. घरातल्या भिंतीसारखं ते होतं. भिंत खरी की खोटी, असं कुणी विचारत नाही.

दुकानातून आम्ही काहीच न घेता बाहेर पडलो. निर्णय माझ्याच्यानं होत नव्हता. क्वालालंपूरमधली प्रकाशनसंस्थेतली नोकरी सोडून मी पेनांगला माकजवळ राहायला आले होते, कारण तिला गुडघ्यांमुळे पायऱ्या चढवेनाशा झाल्या होत्या आणि ती एकटी होती, आणि तिला एकटं ठेवायचं नाही असं मी मनाशी ठरवलं होतं. परदेशी मालिकांना मलय सबटायटल लिहायचं काम मला घरबसल्या मिळालं होतं. अट एवढीच, की यंत्र माझं स्वतःचं हवं. जोरकस प्रोसेसर घेतला तर लांबलचक भाग अडखळत नाहीत, काम झपाट्यानं होतं. बिनपंख्याचा घेतला तर काम जरा रेंगाळतं, पण तो मांडीवर घेऊन स्वयंपाकघरात, अंगणात, माकच्या खाटेशेजारी, कुठंही बसता येतं आणि त्याची बॅटरी दिवसभर पुरते. धाकटा भाऊ अझहार फोनवर जोरकसच घे म्हणत होता. त्याच्या मते मी नेहमी कमी मागते आणि मग कमीच मिळालं म्हणून तोंड पाडून बसते. माकचं मत दुसरं. बसथांब्यावर बसून केळीच्या पानातला गोड भात खाता खाता ती म्हणाली की तापणारी वस्तू घरात आणू नकोस, तिनं सगळं आयुष्य तापणाऱ्या वस्तूंजवळ काढलं आहे आणि आता तिला तो वास नको आहे. कसला वास, मी विचारलं. तिला सांगता येईना. तापलेल्या हिरव्या पाटीचा, म्हणाली, सांगून काय कळणार तुला. मग तिनं बोटं चाटली, डाव्या हाताची मूठ दोनदा वळली आणि सोडली, आणि समोरून जाणाऱ्या बाईच्या डोक्यावरचा रुमाल किती भडक आहे हे मला डोळ्यांनी दाखवलं. संध्याकाळी तिनं वांग्याचं सांबल केलं. ते नेहमीपेक्षा तिखट झालं होतं. मी तसं म्हटल्यावर ती म्हणाली, शहरात राहून तुझी जीभ मऊ झाली. एवढंच. शेवटचा म्हणून त्या दिवसात काही नव्हतं, आणि मी तो पुन्हापुन्हा चाळते ते काही सापडावं म्हणूनच. चाळून चाळून आता त्याचे रंग जायला लागले आहेत, आणि सांबल खरंच तिखट होतं की मी ते आता तिखट करून घेतलं आहे, हेही मला नक्की सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे फजरची नमाज झाल्यावर ती चुलीपाशी पडली. मला आवाज आला तो भांड्याचा. मी गेले तेव्हा ती भिंतीला टेकून बसल्यासारखी होती आणि तिच्या चेहऱ्याची एक बाजू मला अनोळखी वाटली, कुणीतरी दुसरंच तिच्या चेहऱ्याच्या अर्ध्या भागात येऊन बसल्यासारखी. दवाखान्यात पोचेपर्यंत तिचा श्वास होता. पुढं दुपार व्हायच्या आत तो राहिला नाही. मधल्या वेळात कॉरिडॉरमध्ये एक तरुण डॉक्टरीण माझ्याशी उभ्याउभ्या बोलली. थकलेली होती, पण घाई करत नव्हती. मेंदूचा झटका आहे, आदल्या दिवशी काही जाणवलं होतं का, तिनं विचारलं, बोलण्यात अडखळणं, तोंड वाकडं होणं, हातापायाला मुंग्या, बधिरपणा. मी विचार केला. अगदी प्रामाणिकपणे, एकेक तास आठवत विचार केला आणि नाही म्हणाले. खोटं बोलले नाही. दुकानातला तो प्रसंग माझ्या मनात आला नव्हता असंही नाही. तो आला, आणि पुढं निघून गेला, कारण तो बधिरपणात मोडत नव्हता. तो माकच्या हातात मोडत होता. भट्टीवाल्या बायांचे हात असेच असतात, त्यांना गरम कढई कळत नाही, सुई टोचलेली कळत नाही. आमच्या गल्लीत अशा हातांच्या पाच-सहा जणी होत्या. दुसऱ्या कुणाची आई तापलेल्या वस्तूला गार म्हणाली असती तर तिच्या मुलीनं दचकून तिच्याकडे पाहिलं असतं. आम्ही हसलो. तिला स्वतःलाही ते हसण्यासारखंच वाटलं.

कळलं ते तिला आंघोळ घालताना. मय्यतीला पाणी घालायला आम्ही चौघीजणी होतो, मशिदीतली एक जाणती बाई आणि दोन शेजारणी आणि मी. जाणत्या बाईनं मला आईचे हात धुवायला सांगितले, लेकीनं धुवावेत म्हणून. आधी उजवा. कापराचं पाणी, बोटांच्या बेचक्यांतून. माकच्या बोटांची पेरं लाकडासारखी गुळगुळीत होती, रेषा पुसलेली. मग डावा हात घेतला, आणि त्याचीही पेरं तशीच, अगदी तशीच. मी दोन्ही हात शेजारी धरून पाहिले. भट्टीत पाट्या दोन हातांनी सरकवतात. भट्टीनं खाल्ले असले तर दोन्ही खाल्ले होते, सारखेच. आणि तिनं लॅपटॉपखाली बोटांची टोकं लावली नव्हती, पूर्ण तळहात लावला होता, आणि उजव्या तळहाताला ती ऊब लगेच कळली होती. हे इतकं सोपं होतं. एखाद्या लहान मुलाला विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. जाणती बाई मला हळूच म्हणाली, पोरी, पाणी घाल, थांबू नकोस. मी घातलं. तिला वाटलं असेल मला रडू येतंय. मला रडू येत नव्हतं. पाणी बोटांवरून घळघळ जात होतं आणि ते हात काहीच सांगत नव्हते.

अझहार क्वालालंपूरहून पोचेपर्यंत दफन होत आलं होतं. त्याला मूठभर मातीच तेवढी टाकता आली. पुढच्या काही संध्याकाळी लोक दुआ म्हणायला घरी येत राहिले, चहाचे पेले आणि केळ्याची भजी, आणि बायका मला बघत राहिल्या. मी पेले धुवत होते, चटया घालत होते. पाहुण्यांपैकी कुणीतरी अझहारला म्हणालं की मुलगी फार धीराची आहे. आणि तो, बिचारा, डोळे सुजलेला, खरंच मनापासून म्हणाला, “अलोंगला काही होत नाही. माक म्हणायची ना, ती कधीचीच भट्टीतून निघालीय.” अलोंग म्हणजे मी, थोरली, तो मला नावानं कधी हाक मारत नाही. त्या क्षणी मला स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून एक विचित्र गोष्ट जाणवली, की हे वाक्य आता माकच्या तोंडून निघून गेलं आहे आणि तरी घरात फिरतं आहे. मालक गेल्यावर दारोदार फिरणाऱ्या मांजरासारखं, कुणाच्याही पायाला अंग घासत.

त्यामागची गोष्ट अझहारला ऐकून माहीत होती. तो तेव्हा जन्मलाही नव्हता. माक दुपारच्या पाळीला जायची तेव्हा मला तीन घरं पलीकडे एका म्हातारीकडे ठेवायची. पहिल्या दिवशी मी तिच्या गणवेशाला धरून अशी ओरडले की म्हातारीनं माझी बोटं एकेक करून सोडवली. दुसऱ्या दिवशी तसंच. माकनं मागं वळून पाहिलं नाही, कारण वळलं तर बस चुकते, आणि बस चुकली तर पाळी जाते. मग एके दिवशी मी ओरडले नाही. दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिले आणि ती बसमध्ये चढेपर्यंत बघत राहिले. संध्याकाळी म्हातारीनं ते माकला सांगितलं आणि माकनं मला उचलून घेतलं, इतक्या आनंदानं, की तो आनंद मला अजून अंगावर आठवतो, तिच्या कपड्यांतला तो तापलेला वासही. वासाचं मला काही कळणार नाही असं ती म्हणाली होती, पण तो वास मला माहीत होता. “निघाली माझी पोर भट्टीतून,” ती सगळ्यांना सांगत सुटली. शेजारणींना, बसमधल्या बायांना. मला ते डंका वाजवल्यासारखं वाटलं. नंतर मी ते न रडणं टिकवलं. शाळेत पडले तरी टिकवलं, बाबा गेले तेव्हा टिकवलं, एका माणसाशी लग्न ठरून मोडलं तेव्हा टिकवलं. वाचत राहिले, पुस्तकांमागून पुस्तकं, दुसऱ्यांची रडणी व्यवस्थित छापलेली. माकला माझं फार कौतुक होतं. आणि ते कौतुक ज्यावर उभं होतं ते काय होतं, हे विचारायची माझी कधी हिंमत झाली नाही.

अझहारनं जाण्याआधी मला नीट बसवून समजावलं. घर भाड्यानं देऊ, तू माझ्याकडं चल, इथं एकटी काय करणार. जुन्या नोकरीवाले तुला आनंदानं परत घेतील. त्याचं बरोबर होतं. मी इथं आले ते माक एकटी पडू नये म्हणून. घरात बसून करायचं काम घेतलं ते तिच्यासाठी. आणि आता त्या घरात एकटं राहायचं होतं ते मला. तो म्हणाला, “जायचं नसेल तर तसं सांग. पण मग निदान यंत्र तरी धड घे. नुसती बसून राहू नकोस.” सबटायटलचं काम देणाऱ्या संस्थेचे निरोप येत होते, पहिले भाग पाठवतो, केव्हा सुरू करताय. लॅपटॉप घ्यायचा म्हणजे या घरात राहायचं. न घेणं म्हणजे सामान बांधणं. एवढीच निवड आता उरली होती, आणि दोन्हींकडे बघताना मला सारखंच थकल्यासारखं वाटायचं. माक गेलेल्या घरात जगता येतं का, हे मला कळत नव्हतं. तिच्या वाक्यावर भिस्त ठेवून मी आजवर जगत आले होते आणि ते वाक्य तिच्या डाव्या हातात मरून पडलेलं मी स्वतः पाहिलं होतं. रात्रंदिवस माझ्या डोक्यात एकच चालायचं, की माकनं भट्टीत फक्त सुरुवातीचे मृत्यू पाहिले. जे तगले त्यांची खोकी भरून गेली आणि मग ती कुठं गेली, किती चालली, कशानं थांबली, हे तिनं कधीच पाहिलं नाही. त्या खोलीत कुणीच पाहिलं नव्हतं. त्यांनी म्हातारी चिप पाहिली नव्हती. आणि एवढ्यावरून तिनं ठरवून टाकलं होतं की तगलेलं मरत नाही, आणि आम्ही सगळे तिच्या मागं तसेच मानून चाललो.

मी दुकानात गेले तेव्हा सकाळची गर्दी नव्हती. सिउलिंग एका उघड्या लॅपटॉपवर वाकून कुंचल्यानं धूळ काढत होती. तिनं मला पाहिलं, मग माझ्या मागं दाराकडे पाहिलं. माकचिक नाही आल्या का, तिनं विचारलं; त्यांच्या हाताला दाखवल्याशिवाय तुम्ही घेणार कसं. मी नाही म्हणाले, आज नाही. आणि ते बोलल्यावर माझ्याच लक्षात आलं की मी ‘आज’ म्हणाले. दुरुस्त केलं नाही. तिनं पुन्हा दोन्ही यंत्रं काढली, पुसली, चालू केली. तिच्या समजावण्यात कंटाळा नव्हता, जणू मागच्या खेपेला हे सांगितलंच नव्हतं. हा जोराचा, पण भरात आला की पंखा बोलणार, मांडीवर घेऊ नका. हा मऊ, काम सावकाश, पण आवाज नाही की ताप नाही. मात्र फार ताण दिला की हा स्वतःच वेग कमी करतो, थकल्यासारखा, म्हणजे जळू नये म्हणून. तुमचं काम कुठलं, तुम्हीच ठरवा. मी तिला मध्येच विचारलं की प्रोसेसर मरतात कधी. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. असा प्रश्न गिऱ्हाइकं विचारत नसणार.

“प्रोसेसर?” ती म्हणाली. “इतकी वर्षं दुकान चालवतेय, पण तेवढ्यासाठी दुरुस्तीला कुणी आलेलं मला आठवत नाही. पंखा जातो, बॅटरी फुगते, बिजागरी तुटते, पडदा जातो. आतला तो ठणठणीत असतो. पण त्याला काढून घालणार कशात? सगळ्यासकटच जातो मग.” तिनं समोरच्या उघड्या लॅपटॉपकडे बोट केलं. त्याच्या पोटात सगळं करपलेलं होतं आणि मधोमध तो चौकोन, नखाएवढा, चकचकीत, त्यात माझा चेहरा लहानसा दिसत होता. मला माकचं म्हणणं खरं ठरल्यासारखं वाटलं आणि त्यानं काहीच बरं वाटलं नाही. खरं ठरून उपयोग काय. तिच्या आतही तसंच काहीतरी शाबूत राहिलं असेल, कोणत्याही भट्टीला न हरलेलं, आणि आम्ही ते सगळ्यासकट मातीत ठेवून आलो.

मी बिनपंख्याचा घेतला. सिउलिंगनं विचारलं, नक्की ना, नंतर बदलून मिळायचा नाही. नक्की, मी म्हणाले. मला त्यामागचं कारण कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं; माकला तो हवा होता म्हणून, हे खरं, पण तेवढंच नाही. अझहार म्हणतो तसं, मी कमीच मागते. सावकाश चालणारं, ताण आला की आपणहून वेग कमी करणारं यंत्र मला त्या दिवशी परवडण्यासारखं वाटलं. सिउलिंगनं खोकं बांधता बांधता माकचिकसाठी म्हणून मोसंबीच्या गोळ्यांची पुडी माझ्या पिशवीत टाकली, त्यांना सांगा अमोयनं आठवण काढली. मी पुडी घेतली. बाहेर येऊन बसथांब्यावर बसले आणि बसमागून बस जाऊ दिली. सिउलिंगला सांगायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण तिच्यापुरती माक अजून गुडघे दुखतात म्हणून घरी बसलेली होती, आणि जगात निदान एका दुकानात ती तशी बसलेली असावी, असं मला वाटलं. हा लोभ होता. दुसरं काही नाही.

घरी येऊन मी लॅपटॉप स्वयंपाकघरात मांडला, चुलीसमोरच्या मेजावर, कारण इथंच बसायचं असं ठरलं होतं. माक कांदे चिरणार आणि मी लिहिणार. दुपार होती. संस्थेनं पाठवलेला पहिला भाग उघडला. कुठल्यातरी थंड देशातली मालिका, दोन माणसं एका खोलीत, आणि दोघंही बोलत नाहीत. अशा ठिकाणी खाली काही लिहायचं नसतं, नुसतं थांबायचं असतं. शांतता किती वेळ चालते ते मोजून पुढं जायचं. मी थांबले. पुढं जाणं जमेना म्हणून चित्र थांबवलं. आणि तेव्हा घरातला आवाज थांबला. म्हणजे आवाज आधीही नव्हताच, पण काहीतरी चालू आहे असं वाटत होतं, तेही गेलं. मी वाकून यंत्राला कान लावला. काही नाही. सरसर नाही, घरघर नाही. पोटाखाली तळहात घातला. गार. डावा घातला, मग उजवा, दोन्ही तळहातांना तेच कळत होतं, आणि मला त्याची भीती वाटली, कारण गार आहे म्हणून गार लागतंय की मला लागायचंच थांबलंय हे ओळखायला माझ्याजवळ तिसरा हात नव्हता. पंख्याचा घेतला असता तर निदान तो बोलला असता. रागावला असता. त्याच्या आवाजाखाली मी वर्षानुवर्षं लपून राहिले असते आणि काम झपाट्यानं झालं असतं. आता या घरात आवाज करणारं कुणी नव्हतं. करायचा तर मलाच करायचा होता.

मी उठून दारापर्यंत गेले. का गेले ते सांगता येणार नाही. मला वाटतं पायच मला घेऊन गेले. चौकटीला पाठ लावून उभी राहिले. रस्ता रिकामा होता, समोरच्या घराच्या कुंपणावर कुणाची तरी चादर वाळत होती, ऊन तिच्यातून पलीकडे जात होतं. मी तोंड उघडलं, पहिल्यांदा नुसता श्वासच निघाला. ती म्हातारी कधीच गेलेली आहे, ते घर पाडून तिथं दुसरं झालं आहे, बोटं एकेक करून सोडवणारं कुणी नाही. मग आवाज निघाला. तो माझ्या ओळखीचा नव्हता, फार लहान होता, आणि समोरच्या घरात कुणी असलं तर त्यांना ऐकू गेला असेल.

“माक, जाऊ नकोस,” मी म्हणाले. “मला सवय झाली नव्हती गं. मी नुसती रडायची थांबले होते.”